तीन नाणी

इतवारीत सराफ्याच्या मागच्या गल्लीत
आमचं दुकान, आठ बाय सहा.
पाटीवर अजून बाबांचंच नाव:
दे. ग. हेडाऊ, जुनी नाणी.
गल्ल्यावर मी, भिंग माझ्या हातात,
आणि गिऱ्हाईक आत डोकावून विचारतं,
'मालक कोठी गेले?'

मे महिना. कूलरचं पाणी दुपारीच आटतं,
वाळ्याचा वास तेवढा उरतो.
अशा वेळी मी खालचा कप्पा उघडते.
तीन नाणी आहेत त्यात. खरी नव्हेत.
परदेशी सूचीपत्र समोर ठेवून
बाबांनी शिशात ओतली, वर सोनेरी मुलामा.
'राजाले पाहू नोको, पोरी,' म्हणायचे,
'काठावरची अक्षरं पाय.'

पहिल्यावर आई आणि मुलगा समोरासमोर,
नाकाला नाक लागेल इतके जवळ.
तो नीरो, सोळा वर्षांचा, नवा कोरा सम्राट.
ती अग्रिपिना.
दर्शनी बाजूला अक्षरं तिची.
त्याचं नाव पालथ्या अंगाला.

दुसऱ्यावर दोघं एकाच दिशेला बघतात.
पुढे तो. त्याच्यामागून तिचं नाक, ओठ,
कपाळाची एक कड,
लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेतल्या काकूसारखी.
अक्षरांनीही तोवर जागा बदललेली.

तिसऱ्यावर तो एकटा.

मधे फार काळ नाही गेला.
एखाददोन वर्षं.
खंजीर तर त्यानंतरचा.
आधी टाकसाळीतला छिन्नीवाला आला.

मग ती नाव, आपोआप मोडेल अशी बांधलेली.
ती बुडाली नाही. खांदा फुटला, पोहत काठाला आली
आणि मुलाला निरोप धाडला:
देवाची कृपा, मी वाचले,
एवढ्यात भेटायला येऊ नकोस, मला विश्रांती हवी.
हे वाक्य मला झोपू देत नाही.
तिला कळलं होतं, आणि तरी तिनं
आजारी बाईसारखं साधं लिहिलं.
अंबाझरीच्या काठाला नाव टेकते, माणसं हसत उतरतात,
आणि मी उगाच फळ्यांचे सांधे बघते.

तिच्या आधीची लिव्हिया.
ऑगस्टस सांगायचा, माझ्या अंगावरचं कापड घरच्या बायकांनी विणलेलं.
माझी आई तांडापेठेत कांड्या भरायची,
बोटांना कायम सुताची खाच.
लुगड्यावर शिक्का सोसायटीचा.
लिव्हियाचं सूत साऱ्या रोमला ठाऊक.
पण तिच्याशी महत्त्वाचं बोलायचं असलं
की तो आधी टिपणं काढून आणायचा म्हणे,
एवढा मोठा बादशहा, परीक्षेला बसल्यासारखा.
तो मेला तेव्हा लोक म्हणाले, अंजिरांत विष होतं.
होतं की नव्हतं, कोणाला माहीत.
म्हातारा माणूस, पोट बिघडलेलं,
पण बाई शहाणी असली की फळसुद्धा साक्षीला उभं करतात.

परवा रामदासपेठेतले पिंपळापुरे आले.
टेबलावर ठेवायला काहीतरी रोमन पाहिजे.
तिसरं उचललं. 'हे द्या. एकट्या राजाचं.'
'तिन्हींचा संच आहे,' मी म्हटलं.
'बाईची काय करू?'
'मग राहू द्या.'
त्यांना वाटलं मी भाव वाढवते आहे.
दाराशी थांबून म्हणाले,
'मालक आले की येतो.'
बाबांना जाऊन या पोळ्याला चार वर्षं होतील.

शटर ओढण्याआधी
मी नाणी उलट्या क्रमानं मांडते.
आधी तो एकटा.
मग त्याच्या मानेमागून कोणीतरी डोकावतं,
आधी नाक, मग ओठ.
मग ती वळते, त्याच्यासमोर येते,
आणि काठावरून अक्षरं फिरत फिरत तिच्याकडे परततात.

अंगठ्याला पिवळं लागलंय.
मुलामा आधी त्याच्या गालावरचा गेला.
खाली शिसं, करडं,
हातात घेतलं की अजून उन्हाचं गरम.