खोडलं की सही लागते

परतवाड्याला टाकी फुल्ल केली
तेव्हा पंपावरच्या पोरानं काच पुसता पुसता विचारलं,
"कुठी चालल्या मावशी? एकल्याच?"
धारणी, म्हटलं.
धारणीत कोण आहे, ते त्यानं विचारलं नाही, बरं झालं.
धारणीत माझं कोणी नाही.

गाडी भावाची, एकोणीस वर्षांची.
दुसरा गिअर अडतो, त्याच्याशी थोडं बोलावं लागतं.
शेजारच्या सीटवर पाण्याची कॅन,
तिला पट्टा लावलाय.
नाहीतर वळणावर ती लवंडते
आणि बाजूला कोणी कलंडल्यासारखी
दचकते मी.

घाटांग सोडलं तशा फोनवरच्या रेघा एकेक गळाल्या.
सागाच्या पानांसारख्या, असं म्हणणार होते,
पण सागाचं पान इतकं गुपचूप गळत नाही,
पापड मोडावा तसं वाजतं खाली पडताना.
फागुनात जंगल हाडकुळं होतं,
आरपार दिसतं.
ज्याला लपायचं त्याची पंचाईत.
(पळसाबद्दल काही लिहायचं नाही असं घरूनच ठरवून निघाले.)

सेमाडोहच्या नाक्यावर वही.
गाडी नंबर, नाव, कुठून, कुठे, माणसं.
गार्ड मावस्करनं पेन पुढे केलं,
सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेलं.
माणसांच्या रकान्यात
हातानं आपोआप दोन लिहिलं.
एकोणतीस वर्षं तेच लिहीत आला होता हात,
गॅसच्या अर्जावर, लॉजच्या रजिस्टरात.
मी दोनाचा एक केला.
मावस्कर म्हणाला, "खोडलं की सही लागते, बाई."
सही केली.
आजवर कोणी मागितली नव्हती.

पुढे सिपना,
डोहापुरती उरलेली.
एक रोही रस्त्यात उभा, शेपटीनं माश्या वारत,
आधी कोण निघतं याची वाट बघत.
मी इंजिन बंद केलं.
घाई त्यालाही नव्हती.
वाघ दिसला नाही. त्याला मी दिसले असेन.

हरिसालच्या अलीकडे रस्त्यावर आडवा दोर.
दोराच्या दोन्ही टोकांना बाया, पोरी,
गालांवर कालचा रंग, वाळून तडकलेला.
"फगवा दे, बाई! फगवा दिल्याशिवाय गाडी जात नाही."
दहाच्या नोटा होत्या, दिल्या.
एका पोरीनं त्या मोजल्या तिच्या बोलीत,
मिया, बारिया, आफई...
मी म्हटलं, मिया म्हणजे?
तिनं एक बोट वर केलं
आणि काय झालं कोण जाणे,
माझ्याच नाकावर टेकवलं.

मग म्हातारीनं, सुगरा म्हणत होते तिला,
खिडकीतून मान आत घातली,
कॅनकडे पाहिलं, पट्ट्याकडे पाहिलं.
"पानी को काहे बांधी?
भाग जाएगा क्या?"
सगळ्या हसल्या, दोर हातातून सुटेपर्यंत.
मी पट्टा काढला.
ओंजळी पुढे आल्या, कॅन तिथेच संपली.
बदल्यात सुगरानं पदरातून
मोहाची ओली फुलं सीटवर ओतली,
जिथे पाणी बसलं होतं तिथे.

धारणीच्या पलीकडे तापी.
काठावर गाडी उभी केली,
थंड होताना पत्रा टिकटिक वाजत राहिला.
ठेचा-भाकर खाल्ली. तहान लागली.
तेव्हा लक्षात आलं, पाणी नाही.
सँडल काढून नदीत गेले, गुडघ्यापर्यंत,
आणि जनावरासारखी वाकून प्यायले.
पलीकडे दुसरं राज्य होतं.
तिकडची माती इकडच्यासारखीच.
काही ठरवलं नाही.
अंधाराच्या आत निघायला हवं होतं, निघाले.
दुसरा गिअर न बोलता पडला.

परवा भावाचा फोन.
"गाडीत वास येतोय. कोण प्यालं होतं?"
सीटखाली चार फुलं राहिली असतील, आंबली असतील.
ते सांगणार होते.
म्हटलं, "मीच."