हिरवा दिसायला हवा

होतचंदानींनी काउंटरवर तीन दिवे मांडले
आणि आवाज खाली आणला,
"भिया, उगाना क्या है?"

दवणा, म्हटलं.
महाराणी रोडवर दिवे विकणाऱ्या माणसाला
दवणा म्हणजे काय हे सांगायला
ऐन वेळी हिंदी शब्द सापडेना.
बारीक कातरलेलं पान, म्हटलं,
करडं-हिरवं, वास उग्र,
घरातल्या घरात लावायचंय, बंद खोलीत.
सांगत गेलो तसतसा अडकत गेलो.
"अच्छा, अच्छा," त्यांनी डोळा मिचकावला,
"सब यही बोलते हैं."

सुदामानगरात आमच्या बाल्कनीत दवणा सुखानं व्हायचा.
मग समोर सात मजले उठले.
दसऱ्याला ऊन होतं, दिवाळीला नव्हतं.
उरली सायकल ठेवायची खोली,
चार बाय पाच,
एकुलती खिडकी जिन्यात उघडणारी.

मुलीनं फोनवर सगळं शिकवलं होतं.
लुमेन बघू नका बाबा, ते माणसांच्या डोळ्यांसाठी.
पानाला हवा तांबडा आणि निळा.
हिरवा ते बराचसा परत करतं,
तोच आपल्याला दिसतो.
म्हणजे आयुष्यभर आपण
झाडानं नको म्हटलेलं बघत आलो,
असं मी म्हणालो,
तर ती म्हणाली, वॉट किती ते सांगा आधी.

जांभळा स्वस्त होता, अकराशे पन्नास.
बारा इंचांवर टांगला.
टायमर सोळा तास.
पहिल्याच रात्री जिना वांग्यासारखा झाला.

चौथ्या दिवशी हवालदार रघुवंशी आले.
बूट दाराबाहेर काढले, ते मला आवडलं.
रोपांपुढे उकिडवे बसून त्यांनी एक पान चुरगळलं,
नाकाशी नेलं,
आणि बराच वेळ तिथंच ठेवलं.
"ये तो पूजा का है,"
जरा नाराजीनंच म्हणाले,
चहा मात्र दोनदा घेतला.

झोप उडाली ती त्यांच्यामुळे नाही.

एकतीस वर्षं मी मिलमध्ये शेड जुळवल्या.
ट्यूबखाली सख्खी वाटणारी दोन ठाणं
अंगणात नेली की एकमेकांना ओळखत नाहीत,
हे मी पोरांना शिकवायचो.
उत्तरेची खिडकी, सकाळचे दहा,
त्याशिवाय सही करायची नाही.
आणि आता माझ्याच घरात अशी खोली
जिथं चांगलं पान काळं दिसतं
आणि मरणारंही काळंच.
तहानलेलं कुठलं, पिवळावलेलं कुठलं,
मला कळेना.
मला!
शालन दारातून डोकावली,
"रोपं आहेत की एक्स-रे?"

पुन्हा महाराणी रोड.
"क्यों, पुलिस आई?"
आली, म्हटलं, चहा पिऊन गेली.
पांढरा दाखवा.
चार हजार केल्विन, अठ्ठावीसशे रुपये, बिलासकट.
"अंकल, पौधे को फरक नहीं पड़ेगा,"
ते म्हणाले,
आणि बहुधा खरंच म्हणाले.
त्याला नाही हो.
मला पडतो.

आता दिवा रात्री दहाला जातो.
त्याआधी थोडा वेळ मी स्टूल घेऊन आत बसतो.
सेक्रेटरी उतरताना अजून दाराशी हुंगून जातो,
रघुवंशींनी एक कांडी सांगून ठेवलीय बायकोसाठी.
मधल्या कुंडीत, खालच्या फांदीवर
एक पान किंचित उतरलंय,
जुन्या शेड कार्डात याचा नंबर असता.
पाणी जास्त झालं असेल,
नाहीतर दिवा दोन इंच वर घ्यायला हवा.
उद्या बघू.

पिवळं दिसतंय.
दिसतंय, एवढं बरं.