आठ गुणांचा प्रश्न

शुक्रवारी पाचव्या तासाला
जगातले सहा धर्म माझ्या कपाटात असतात,
सहा प्लास्टिकच्या डब्यांत, झाकणांवर चिकटपट्ट्या.
बौद्ध डब्यातली घुमणारी वाटी हल्ली पेन्सिलीनं वाजवावी लागते,
काठी कुठे गेली कोण जाणे.
हिंदू डब्यातल्या पणतीत कुणीतरी च्युइंगमची वात केली आहे.
ख्रिस्ती डबा जवळपास रिकामा;
ते सगळं गावातच आहे, असं माझ्या आधीच्या बाईंना वाटलं असावं.

आहे खरं. चार प्रार्थनाघरं.
एकात गालिचे विकतात, एकात जिम,
एकाच्या छपरातून कावळे ये-जा करतात,
चौथ्यात रविवारी नऊ म्हाताऱ्या आणि सर्दी झालेला ऑर्गन.
मागे काळानिळा, पोखरलेला डोंगर.
इथून पाटीचा दगड जहाजं भरभरून गेला
लोकांच्या छपरांवर, लोकांच्या पोरांच्या मांडीवर.
आमच्याकडे उरला चुरा.

मार्चमध्ये होकायंत्र नाहीसं झालं.
इस्लामच्या डब्यातलं, नमाजाच्या चटईबरोबर आलेलं,
बिस्किटाएवढं.
युसरा नेहमी बजावायची : काटा फक्त उत्तर दाखवतो, मिस.
मक्का आपण शोधायची,
पुस्तिकेत गावाचा आकडा बघून.
आमचं गाव पुस्तिकेत नाही.
आम्ही लिव्हरपूलच्या आकड्यावर भागवायचो.

'कुणी घेतलं?' मी विचारलं,
आणि तेवीस डोकी मॅक्सनकडे वळली.
चोविसावं माझं.
फळ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं :
चोरी : विविध परंपरा काय सांगतात?
मॅक्सननं कुणी न सांगता दप्तर उलटं केलं.
पडलं ते : इनहेलर, अर्धा सँडविच,
लहान बहिणीचा एक मोजा.
मोजा त्यानं आधी उचलला.

पोरं म्हणजे कोरी पाटी, म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी पाटी खाणीतून निघताना पाहिलेली नसते.
सुरुंग लावावा लागतो.

सुट्टीनंतर होकायंत्र परत आलं,
चुकून ज्यूंच्या डब्यात, मेणबत्त्यांच्या शेजारी,
वहीच्या कागदात गुंडाळलेलं.
'दादा बोटीवर आहे. तो कुठल्या बाजूला आहे
ते बघायचं होतं. नाही कळलं.'
अक्षर मी ओळखलं.
पहिल्या बाकावरचं होतं, एवढंच सांगते.
मी कागद पर्समध्ये ठेवला
आणि वर्गाला म्हणाले, सापडलं बरं का.
सापडलं. जणू तेच कुठेतरी पडलं होतं.

मेमध्ये परीक्षा.
प्रश्न चौथा : क्षमेविषयी कोणत्याही दोन धर्मांचे
विचार उदाहरणांसह स्पष्ट करा. आठ गुण.
नॉननं दोन पानं भरली.
युसराला पुरवणी लागली.
योलोनं एक धर्म स्वतःच काढलेला दिसला, पण सुसंगत.
मॅक्सनची एकच ओळ :
'आधी कुणीतरी मागावी लागते.'

उत्तरसूचीत याला जागा नाही.
धर्म नाही, वचन नाही, तुलना नाही.
मी शून्य दिलं. खोडलं. एक दिला.
तोही खोडला, आणि कोट न घालताच
जिना उतरून बसथांब्यावर गेले.

म्हणाले ते वेल्शमध्ये म्हणाले.
इंग्रजीत ते फार सोपं जातं,
धक्का लागला तरी म्हणतात.
तो बुटांकडे बघत राहिला.
मीही त्याच्या बुटांकडे. डावी नाडी वेगळ्या रंगाची.
बस आली. पायरीवर एक पाय ठेवून तो म्हणाला,
'मिस, त्या वाटीची काठी माझ्याकडे आहे.
डिसेंबरपासून.
तिच्याबद्दल कुणी विचारलंच नाही.'

दार मिटलं. बस चुऱ्याच्या ढिगाला वळसा घालून गेली.
पेपर टेबलावर तसाच आहे,
चौकोन रिकामा,
खाली छापलेलं : पैकी आठ.