म्हणे

संकेश्वरला पोलीस ठाण्यासमोर माझं टेबल.
एक पाय आखूड, खाली वीट.
लोक मराठीत भांडतात, मी कानडीत अर्ज करून देतो,
पानाला तीस रुपये.

त्या दिवशी फौजदारांनी आत बोलावलं.
दारात टेम्पो. त्यात पिवळी-तांबडी शाल
आणि भगवी शाल, मांडीला मांडी लावून.
गेल्याच महिन्यात पाटीवरच्या अक्षरांच्या उंचीवरून
यांनी एकमेकांचा डांबराचा डबा सांडला होता.

विषय: विमल कमते, निवृत्त नर्स.
वाचनालयाच्या वर्धापनदिनी बोलता बोलता बोलल्या,
"पोराचा घसा धरला की गुड्डव्वाला कौल लावत बसू नकासा.
आधी माझ्याकडं आणा.
सुई टोचली की देवी कोपते म्हणे.
कोपू दे. मी काढीन तिची समजूत."

मी होतो तिथं. खुर्च्या मीच मांडल्या होत्या.
बायका हसल्या, मी हसलो,
पहिल्या रांगेतला गुरव तर उपरणं तोंडाला लावून हसला.
चहा संपेपर्यंत
कुणाचीही भावना जागची हलली नव्हती.

तीन दिवसांनी हलली.
मिरचीच्या अड्ड्यावर, पोती शिवता शिवता:
देवीला शिवी दिली म्हणे.
हुक्केरीच्या एस. टी.त: चप्पल दाखवली म्हणे.
तिच्या वाक्यातला तो शब्द
ज्याच्या त्याच्या तोंडात गेला,
फक्त तिच्याजवळ राहिला नाही.

"शब्दाला शब्द पाहिजे बघ," फौजदार म्हणाले.
मी 'कोपते' केलं. 'कोपू दे' केलं.
'म्हणे'शी बोट थांबलं.
कानडीत नाही असं नाही. आहे की. अंते.
हिरण्यकेशीच्या अल्याड पल्याड
दुसऱ्याचं सांगून आपले हात झटकायला
दोन्ही भाषांनी एकेक शब्द करून ठेवलाय.
"ते शेपूट कशाला?" फौजदार.
दारात टेम्पोवाले. माझं टेबल रस्त्यावर.
मी शेपूट तोडलं.
आता कानडीत ती बाई
कोपलेल्या देवीसमोर उभी राहून
कोपू दे, असं म्हणत होती.
आणि समजुतीचं वाक्य?
पान संपलं होतं.

कौल मीही लावतो, खोटं का बोलू?
दुकानगाळ्यासाठी लावलेला, उजवा मिळाला, भाडं वाढलं.
त्या रात्री परत गेलो. विचारलं.
फूल उजवं पडेना, डावं पडेना.
ओलं होतं, चिकटून राहिलं.
"उद्या ये," गुरव म्हणाला,
आणि माझ्याकडं न बघता समईची वात सारली.

तिच्या दारावर काळं ऑइल फेकलं गेलं.
फेकणाऱ्यांतल्या दोघांची नाळ तिनेच कापलेली.
रॉकेलच्या बोळ्यानं दार पुसताना
तिनं शेजारणीला त्यांची नावं सांगितली,
जन्मताना भरलेल्या वजनांसकट.
एक पावणेदोन किलोचा होता. कापसात ठेवलेला.

मग एका सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली.
"माफीनामा कर. तोंडी चालत नाही म्हणे."
मी नेहमीचं घातलं:
माझ्या बोलण्यानं देवीचा अपमान झाला.
ती कानडी वाचते, हे मला ठाऊक नव्हतं.
चष्मा पुसला, बोट ओळीखालून फिरवलं.
"शेवटी एक शब्द राहिलाय.
झाला म्हणे. घाल."
मी मान वर केली नाही.

रिबन फिकी झालेली,
अंते, तीनदा ठोकावं लागलं.
पैसे नको म्हटलं तर
तीस रुपये विटेखाली सारून गेली.

फौजदारांनी न वाचता शिक्का मारला.
तो नेमका त्या शब्दावर बसला.

माझ्याकडं कार्बन कॉपी आहे.
तिच्यावर शिक्का नाही.