अनुभव : फुटांत

निकाल लागला त्या दिवशी बाबांनी
शिरोलीतल्या त्यांच्या फाउंड्रीच्या टर्नरकडून
हातोडीवर माझं नाव कोरून आणलं.
सु. बा. मगदूम.
आडनाव जरा कललेलं आलंय,
थर कलतात तसं,
अंदाजे सात अंश, पूर्वेकडे.

पुण्याची कंपनी फोनवर म्हणाली,
जागा आहे, एसी आहे, दोन स्क्रीन आहेत,
अख्खा सह्याद्री टेबलावर येतो.
मी विचारलं, वास येतो का?
दगडावर फुंकर घातली की ओल्या मातीचा येतो, तो.
पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही.

बॉक्साइटच्या खाणीवरचे पाटणकरसाहेब भला माणूस.
चहा दिला, भडंग दिलं,
म्हणाले, पोरी, तिकडं बाथरूम न्हाई.
मी म्हटलं, कॉलेजच्या टूरलाही नव्हतं.
ते हसले, आणि माझी फाइल माझ्याकडं सरकवली,
खाऊन झाल्यावर बशी सरकवतात तशी.

सरकारी अर्जात वय बसतं, टक्के बसतात.
क्षेत्रीय अनुभव : किमान तीन वर्षे
इथं पेन थांबतं.
अनुभव नाही म्हणून नोकरी नाही,
नोकरी नाही म्हणून...
हे वाक्य आई पूर्ण करते भाकरी उलटताना,
दोन्ही बाजू सारख्याच भाजतात.

संध्याकाळी रंकाळ्यावर.
लोक पाण्याकडं बघतात,
मी कठड्याच्या दगडाकडं :
काळा बेसाल्ट, लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी पांढरे खडे.
साडेसहा कोटी वर्षांचा धीर बघ, असं सांगू नका मला.
दगडाला भावकी विचारत नाही,
मग, आता पुढं काय?

एका गुरुवारी गारगोटीच्या वाटेवर
अण्णाप्पांच्या पोल्ट्रीत बोअर मारायची होती.
मी मोकळीच होते, गेले.
मी ओढ्याकाठची जागा काढली, दोन भेगा मिळतात तिथली.
पाणाड्यानं जांभळीखालची,
माझ्यापासून एकोणीस फूट.
त्याचा नारळ तळहातावर उभा राहिला.
माझा नकाशा आडवाच होता.
अण्णाप्पांनी जांभळीकडं बोट केलं.

गाडी तिरुचेंगोडची.
सेल्वराजला मराठीतले आकडे येतात, आणि पाणी.
मी खुणेनं सांगितलं,
दर दहा फुटांचा फावडाभर चुरा वेगळा ठेव.
का, ते त्यानं विचारलं नाही.
पत्र्यावर ढीग मांडत गेला,
मुरूम, काळा, राखाडी, काळा, काळा,
एकशे नव्वदला एकदम लाल.
तांबडी माती, दोन लाव्ह्यांच्या मधली.
मी ओरडले, आता ओल येणार!
कंप्रेसरच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं, देव जाणे.
दोनशे दहाला धूळ बसली, चिखल उडाला,
कोंबड्या गप्प झाल्या.

पाणाड्याला अकराशे रुपये आणि तोच नारळ मिळाला.
मला सेल्वराजच्या डब्यातला अर्धा चिंचभात.
दोनशे साठला मशीन बंद करून
त्यानं लाल चुऱ्याची पुडी माझ्या हातात दिली.
नाळै... उद्या. कागल.
पैसे नाहीत, हे दोन्ही हातांनी सांगितलं.
येणार? हे नुसत्या भुवईनं.

रात्री अर्ज पुन्हा काढला.
अनुभवाच्या रकान्यात
वर्षे हा छापील शब्द खोडला
आणि लिहिलं : २६० फूट.
नाकारतील. नाकारू देत.

बाबा दुसऱ्या पाळीवरून आले,
उंबऱ्यापाशी बूट उलटे केले,
रोजच्यासारखी साच्याची वाळू सांडली.
मीही माझे उलटे केले.
त्यांनी माझा लाल चुरा दोन बोटांत चोळला,
दिव्याकडं धरला, पुन्हा चोळला.
म्हणाले, लई बारीक हाय गं.
मोल्डिंगला चालायची न्हाई.