पाण्याचा दिवस

शेवटचा शेक घेऊन बार्शीहून परतलो
तेव्हा ह्यांनी स्टँडवरच पेढे घेतले.
गल्ली म्हणाली, सुटलीस की गं यादम्मा.
फाईलवर शिक्का होता : उपचार पूर्ण.
मी फाईल ट्रंकेत टाकली, वर कुलूप.
ही आता रेशनकार्डासारखी
हाताशी ठेवायची वस्तू आहे
हे कुणी बोललं नाही.

आमच्या घरकुलात नळ पाचव्या दिवशी येतो.
पहिल्या पाण्याला मी सवयीनं
डाव्या कमरेवर घागर घेतली.
तिसऱ्या पाण्याला ब्लाऊजची बाही दंडात रुतली,
चौथ्याला उसवली.
मला वाटलं, अंग धरतंय. बरी होतेय मी.
आरशापुढं हसलेसुद्धा.

सून टॉवेलांचे काठ शिवते.
तिनं टेप उलटी करून सेंटिमीटरच्या बाजूनं मोजलं :
उजवा सव्वीस.
डावा एकतीस.
श्रीलता काही बोलली नाही,
मशीनखालून चप्पल ओढली, रिक्षा बघायला गेली.

काखेतल्या गाठी काढल्या की हातातलं पाणी
परतायची वाट विसरतं, असं तिथली पोरगी म्हणाली.
मी म्हटलं, बाई,
सोलापुरात पाणी अडतं म्हणून
पहिल्यांदाच ऐकतेय.

तेव्हापासून घट्ट बाही, उन्हाळ्यातसुद्धा.
त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही,
नवीन नर्स आली की आधी भांडण.
गड्ड्याच्या जत्रेत कासार म्हणतो,
अम्मा, एकाच हातात कशा भरू?
भर की. पैसे अर्धे घे.

सकाळी भिंतीवर बोटं चढवायची,
कोळी चढतो तशी, जिथं थांबेल तिथं पेन्सिलीची रेघ.
त्याच भिंतीवर नातवाची उंची मांडलेली.
तो बिनकष्टाचा वाढतो.
मी कण्हत
त्याच्या सातव्या वर्षापर्यंत पोचलेय.

तळपाय मात्र अजून परत आलेले नाहीत.
औषधानं नेले ते नेलेच.
मे महिन्यात गच्चीवर कुरडया घालून आले,
जिन्यात बघते तर चप्पल पायात नाही,
टाचेला रुपयाएवढा फोड.
दुखलं असतं तर बरं वाटलं असतं.

डॉक्टरीणबाई म्हणतात, तंबाखू सोडा.
मी खात नाही, वळते.
हजाराच्या जागी आता चारशे,
तेही सूप उजव्या मांडीवर ओढून.
सोडलं तर कार्ड जातं, कार्डाबरोबर पीएफ.
ह्या प्रश्नाला त्यांच्याकडं गोळी नाही.
माझ्याकडंही नाही.

सहा महिन्यांची तपासणी जवळ आली
की घरात सगळे फार चांगले वागतात.
ह्यांना भाजीत मीठ कमी लागत नाही.
मागच्या गल्लीतले माग रात्रभर खटखटतात,
मी उशीवर एकेक दुखणं पुढं बोलावते,
तू कोण, तू कधीपासून,
आणि तू?

गेल्या श्रावणात नागमणी आली, पलीकडच्या लाईनीतली,
पदराखाली हात लपवून.
पेढे वाटून दोन महिने झाले होते.
म्हणाली, वदिना, मीसुद्धा जाड होतेय.
मी पदर बाजूला केला
आणि आधी तिची घागर काढून घेतली.

आता नळाच्या दिवशी चौघी येतात.
घागरी महानंदा भरते, तिचे दोन्ही हात तिचे आहेत,
कानडीत शिव्या घालत सगळ्यांच्या भरते.
श्रीलता टेप काढते.
वही विडीच्या हिशोबाची,
पुढून पुडे, मागून दंड.
कुणाचा सेंटिमीटर वाढला तर
त्या दिवशी चहा आधी तिला,
आणि दुसऱ्या दिवशी सोबत एकजण, फाईलसकट.

आज नळ उशिरा आला, पावणेपाचला.
माझा एकोणतीस.
मागच्या पाण्याला
एकोणतीसच होता.