नमुना क्रमांक सतरा

बाटली आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळायची,
मग काठोकाठ भरायची, हवेला जागा ठेवायची नाही,
असं प्रयोगशाळेच्या पोरीनं सांगितलं.
मी दोनदाच विसळली.
तिसऱ्यांदा ओतून द्यायला जीव होईना.
दोनशे दहा फुटांवरून मोटर धापा टाकत वर आणते ते,
वाईट असलं तरी पाणीच की.

अंबडच्या मागच्या अंगाला आमची अकरा घरं,
भिंतीपलीकडे प्लेटिंगचं शेड.
तिथं दिवसभर लोखंडाला चांदीची कळा आणतात :
नळाच्या तोट्या, गाड्यांचे आरसे, कपाटाच्या मुठी.
माझ्या मोरीतली तोटीही तिथलीच,
खोट निघाली म्हणून फुकट मिळालेली.

पाण्याला वास नाही.
कळशीत काही दिसतही नाही.
पांढऱ्या बशीत ओतलं तर तळाशी
हळदीचं बोट बुडवून काढल्यासारखं,
म्हणजे मला वाटतं तसं. लंकाबाईला वाटत नाही.
त्यावरून आमचं चार दिवस बोलणं बंद.
तिला मागची खोली भाड्यानं द्यायचीय.

फॉर्मवर एक रकाना होता :
शंभर मीटरच्या आत कोणता व्यवसाय चालतो?
मी पेन धरून बसले.
रोहिदास दारात उभा, डबा हातात, दुसऱ्या पाळीला निघालेला.
चार वर्षं झाली त्याला टाकीवर.
मधूनच नाकातून रक्त येतं, म्हणतो उष्णता.
बोअर मारला तो त्याच्याच बोनसमधून.

मी लिहिलं, प्लेटिंग.
तो वाकून बघत म्हणाला,
"नीट काढ की आई अक्षर,
प्ले लागत नाहीये."

बर्फाच्या डब्यात बाटली गेली.
वर आमचं नाव नाही, नुसता सतरा.
निकाल तीन आठवड्यांनी.
तोवर उकळून प्यायचं का, विचारलं,
तर पोरगी म्हणाली, उकळून हे जात नाही मावशी,
पाणीच तेवढं आटतं.

तिच्यासाठी चहा टाकला होता, आलं ठेचून.
"घरून पिऊन आलेय," म्हणाली,
माझ्याकडे न बघता झाकणं घट्ट करत.
राग नाही आला. तिची आई असते तर मीही तेच शिकवलं असतं.

तो कप रोहिदासला दिला.
त्यानं नेहमीसारखा बशीत ओतला.
चहात काही दिसत नाही.
तरी मी बघत राहिले.